मुनीर : उजेड देणारा

आपल्या समाजात असे घराणे क्वचितच सापडेल, ज्यात प्रकाशाचे नाव धारण करणारी एकही व्यक्ती नाही. नूर मुहम्मद, नूरजहाँ, अन्वर, तन्वीर, मुनव्वर, सिराज, मुनीर, मुनीरा ही नावे कोकणातल्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांपासून मराठवाड्याच्या तालुक्यांपर्यंत शाळेच्या प्रत्येक हजेरीपटावर भेटतात. मुलांना चांगल्या अर्थाची नावे ठेवावीत ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे आणि आईवडील ती प्रेमाने पाळतात. मात्र या नावांचा अर्थ विचारला, तर बहुतेक ठिकाणी सर्वांसाठी एकच उत्तर मिळते : प्रकाश. अरबी भाषा या बाबतीत इतकी सैल नाही. तिने उजेड असणे, उजेड मिळणे आणि उजेड देणे या तीन गोष्टींना वेगवेगळी रूपे दिली आहेत, आणि दिव्य कुरआनने त्यांपैकी एका रूपाची फार काटेकोरपणे निवड केली आहे. ते रूप म्हणजे ‘मुनीर’.

या शब्दाचा मूळ धातू नून, वाव, रे या तीन अक्षरांचा आहे. याच धातूतून ‘नूर’ म्हणजे प्रकाश आणि याच धातूतून ‘नार’ म्हणजे अग्नी. वाळवंटातल्या माणसाला रात्री दिसणारा उजेड हा बहुधा कुणीतरी पेटवलेल्या जाळाचाच असे, म्हणून दोन्ही शब्द एका घरचे असावेत यात नवल नाही. जिथे जाळ किंवा दिवा लावून वाटसरूला दिशा दाखवतात ती जागा ‘मनारा’. अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध दीपस्तंभाला अरब लेखक याच नावाने ओळखत. पुढे मस्जिदीच्या उंच बुरुजाला हा शब्द लागला आणि आपल्याकडे तो ‘मिनार’ होऊन आला. मराठीतला ‘मनोरा’ही त्याचेच रूप आहे. यहुद्यांच्या हिब्रू भाषेत दीपवृक्षाला ‘मेनोरा’ म्हणतात, तोही याच कुळातला. म्हणजे ज्या मिनाराकडे आपण केवळ बांधकामाची शोभा म्हणून पाहतो, त्याच्या नावातच ‘उजेडाची जागा’ हा अर्थ दडलेला आहे.

आता नावांकडे वळू. ‘अन्वर’ हे तुलनेचे रूप आहे : अधिक तेजस्वी. ‘तन्वीर’ हे क्रियेचे नाव : उजळवणे. ‘मुनव्वर’ म्हणजे जो उजळला गेला, ज्याच्यावर प्रकाश पडला. म्हणूनच मदीना शहराला ‘मुनव्वरा’ म्हणतात. ते शहर स्वतःहून तेजस्वी नव्हते. हजरत अनस (रजि.) यांची तिरमिजी शरीफमधील एक रिवायत आहे की, ज्या दिवशी प्रेषितांनी मदीनेत प्रवेश केला त्या दिवशी तिथली प्रत्येक वस्तू उजळून निघाली आणि ज्या दिवशी त्यांनी या जगाचा निरोप घेतला त्या दिवशी प्रत्येक वस्तू काळवंडली. यस्रिब या जुन्या नावाचे गाव कुणाच्या तरी येण्याने मुनव्वर झाले. आणि ज्याच्यामुळे दुसरा मुनव्वर होतो, तो मुनीर.

मराठीच्या वाचकाला हे व्याकरण समजण्यास अडचण पडू नये. आपल्याकडे शिकणे आणि शिकवणे, जेवणे आणि जेववणे, निजणे आणि निजवणे असा जो फरक आहे, तोच इथे आहे. पहिल्या क्रियेत माणूस एकटा पुरतो. दुसऱ्या क्रियेला दुसरा माणूस लागतोच. समोर कोणी शिकणारा नसेल तर शिकवणे ही क्रियाच घडत नाही. ‘मुनीर’चा मुख्य अर्थ या दुसऱ्या जातीचा आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ‘मुस्लिम’, ‘मोमिन’ आणि ‘मोहसिन’ हे शब्दही अरबी व्याकरणात याच साच्यातून पडलेले आहेत. ‘मोमिन’च्या धातूत ‘अम्न’ म्हणजे निर्भयता आहे. ज्याच्यापासून लोकांचे प्राण व त्यांची मालमत्ता सुरक्षित असते तो मोमिन, असे प्रेषितांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. ईमान हा हृदयातला विश्वास आहे हे खरेच. पण त्याच्या शब्दरूपातच शेजाऱ्याचा हिस्सा ठेवलेला आहे.

दिव्य कुरआनात ‘मुनीर’ हा शब्द सहा ठिकाणी आला आहे. एकदा तो चंद्रासाठी आहे (सूरह फुरकान, आयत 61), एकदा प्रेषितांसाठी (सूरह अहजाब, आयत 46) आणि चार वेळा ग्रंथासाठी (आलि इमरान 184, हज 8, लुकमान 20, फातिर 25). सूर्यासाठी एकदाही नाही. सूर्याला कुरआनने ‘सिराज’ म्हणजे दिवा म्हटले, ‘जिया’ म्हणजे झळाळी म्हटले, सूरह नबामध्ये ‘वह्हाज’ म्हणजे धगधगणारा म्हटले. पण ‘मुनीर’ हे विशेषण त्याच्या वाट्याला आले नाही.

यावरून काही वक्ते मोठ्या उत्साहाने सांगतात की, ‘मुनीर’ म्हणजे परावर्तित, उसना प्रकाश देणारा, आणि म्हणून आधुनिक विज्ञानाने सांगितलेली गोष्ट कुरआनने आधीच सांगितली होती. हेतू चांगला असला तरी हा युक्तिवाद शब्दाला पेलवत नाही. उसनेपणाचा अर्थ या धातूत नाही. तो तसा मानला, तर जिथे अल्लाहने स्वतःला आकाशांचा व पृथ्वीचा नूर म्हटले आहे (सूरह नूर, आयत 35), तिथे काय म्हणणार? चंद्राचा प्रकाश सूर्याकडून येतो हे निरीक्षणाने सिद्ध झालेले सत्य आहे आणि त्याला शब्दकोशाच्या ओढाताणीची गरज नाही. कुरआनच्या शब्दांवर त्यांचा नसलेला अर्थ लादणे ही त्याची सेवा नव्हे. चंद्राला मुनीर म्हणण्यातली गोष्ट साधी आणि सुंदर आहे. अरबस्तानात दिवसाचे ऊन चुकवण्यासाठी काफिले रात्री चालत. त्या वाटसरूला चंद्र वाट दाखवतो आणि भाजत नाही.

हाच मुद्दा सूरह अहजाबमध्ये अधिक खोल होतो. तिथे अल्लाहने आपल्या प्रेषितांची कामे एकामागून एक सांगितली आहेत : साक्ष देणारा, शुभवार्ता देणारा, सावध करणारा, अल्लाहच्या अनुमतीने त्याच्याकडे बोलावणारा, आणि अखेरीस ‘सिराज मुनीर’. यातला ‘सिराज’ हा शब्द मोठा प्रवासी आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते फारसीतल्या ‘चिराग’चे प्राचीन रूप आरामी भाषेतून अरबीत आले आणि त्याचा ‘सिराज’ झाला. पुढे फारसीमार्गे मूळ ‘चिराग’ही आपल्याकडे आला. म्हणजे एकाच मोहल्ल्यात सिराज नावाचा मुलगा आणि घरातला चिराग, एकच शब्द दोन वाटांनी आलेला. कुरआनच्या शब्दांत इतर भाषांचे अंश आहेत हे ऐकून कोणी दचकू नये. इमाम सुयूती यांच्यासारख्या थोर विद्वानांनी अशा शब्दांच्या याद्या केल्या आहेत, आणि सूरह नूरमधला ‘मिश्कात’ म्हणजे दिव्याचा कोनाडा हा शब्द हबशी भाषेतला असल्याचे मत जुन्या भाष्यकारांनी निःसंकोच नोंदवले आहे.

सिराज हा शब्द कुरआनात सूर्यासाठी येतो. मग प्रेषितांना सूर्याचेच नाव दिले, तेव्हा सूर्याचे ‘वह्हाज’ हे विशेषण का दिले नाही? भाष्यकारांनी यावर चिंतन केले आहे. सूर्याच्या प्रकाशाबरोबर धग येते. प्रेषितांच्या प्रकाशात धग नव्हती. दिवा सूर्याइतका तेजस्वी नसेल, पण त्याच्यात एक गोष्ट आहे जी सूर्यात नाही : त्याच्यापासून दुसरा दिवा लावता येतो आणि पहिल्याचा उजेड कणभरही कमी होत नाही. हजरत अबू बक्र (रजि.), हजरत बिलाल (रजि.), हजरत सलमान फारसी (रजि.) हे सर्व त्या एका दिव्यापासून लागलेले दिवे होत.

इथे एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. प्रेषित ‘नूर’ होते की ‘बशर’, या वादात आपल्या अनेक गावांतल्या मस्जिदी विभागल्या गेल्या, सोयरिकी मोडल्या. या आयतीपुरते बोलायचे, तर तिचा रोख त्या प्रश्नाकडे नाही. प्रेषितांची घडण कशाची होती हे ती सांगत नाही. ते लोकांसाठी काय करतात हे सांगते. ज्या शब्दाने लोकांना वाट दिसावी, त्याच शब्दावरून आपण एकमेकांना वाटेवरून ढकलावे, यापेक्षा दुर्दैव कोणते?

आणि ज्यांना आकाशातून हे नाव मिळाले, त्यांच्या घरात काय होते? हजरत आयेशा (रजि.) यांची एक रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. त्या सांगतात की, प्रेषित रात्री नमाज पढत तेव्हा मी त्यांच्यासमोर झोपलेली असे. सजदा करताना ते मला हाताने किंचित दाबत, मी पाय आखडून घेई, ते उभे राहिले की पुन्हा पसरी. खोलीच्या लहानपणाचा अंदाज यावरून येतो. पुढे त्या एक वाक्य जोडतात, ज्याचा आशय असा की, त्या काळी घरांत दिवे नसत. ज्यांना अल्लाहने उजेड देणारा दिवा म्हटले, त्यांच्या स्वतःच्या खोलीत रात्री पाय कुठे आहेत हे दिसेल इतकाही उजेड नव्हता. त्या अंधारात उभे राहून त्यांनी जगाला जे दिले, ते आपल्या रबीउल अव्वलच्या रोषणाईशी ताडून पाहावे. गल्ल्यांवर माळा लावणाऱ्यांच्या प्रेमाविषयी आम्हाला शंका नाही. परंतु त्या माळांखालच्या एखाद्या खोलीत वीजबिल थकल्यामुळे मीटर कापलेल्या विधवेचे घर असेल, आणि तिचे मूल दहावीचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली करत असेल, तर ती गल्ली झगमगते खरी, पण ‘मुनीर’ हा शब्द तिला लावता येईल का, हे प्रत्येक मोहल्ला कमिटीने स्वतःला विचारावे.

ग्रंथासाठी हा शब्द चार वेळा आला, त्याकडे आता पाहू. त्यांपैकी दोन ठिकाणी, आलि इमरान आणि फातिरमध्ये, पूर्वीच्या प्रेषितांचा उल्लेख आहे : ते स्पष्ट प्रमाणे आणि उजेड देणारा ग्रंथ घेऊन आले, तरीही त्यांना खोटे ठरवले गेले. उरलेल्या दोन ठिकाणी, हज आणि लुकमानमध्ये, एका विशिष्ट माणसाचे चित्र आहे. तो अल्लाहविषयी वाद घालतो. पण त्याच्याजवळ ज्ञान नाही, मार्गदर्शन नाही आणि ‘किताबे मुनीर’ही नाही. सूरह हजमध्ये त्याचे अंग मुरडून ताठ्याने फिरणेही दाखवले आहे. सूरह लुकमानची पुढचीच आयत सांगते की, अल्लाहने उतरवलेल्याचे अनुसरण करा असे त्याला म्हटले, की तो उत्तरतो, आम्ही तर वाडवडिलांना ज्यावर पाहिले त्यावरच चालणार.

हे चित्र मक्केतल्या विरोधकांचे आहे, आणि तसे म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण क्षणभर थांबावे. आपल्या बहुतेक घरांत कुरआन शरीफ रेशमी किंवा मखमली जुजदानात गुंडाळून सर्वांत उंच फळीवर ठेवलेले असते. त्या आदराला दोष देण्याचे कारण नाही. रमजानमध्ये ते खाली येते, कुणाच्या मरणानंतर येते, लेकीच्या लग्नात तिच्या डोक्यावर धरले जाते. एरवी दीन काय सांगतो याचा निर्णय आपण मोबाइलवर आलेल्या चार ओळींवर, कोण्या वक्त्याच्या तुकड्यावर किंवा आमच्याकडे असेच चालते या एका वाक्यावर देतो आणि त्यावर तावातावाने भांडतो. बहिणीचा वारसाहक्क हे त्याचे ठळक उदाहरण. सूरह निसामध्ये त्याचे हिस्से आकड्यांनिशी सांगितले आहेत. तरी शेत आणि घर वाटताना तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेणे हीच अनेक घराण्यांची रीत आहे, आणि तिची बाजू मांडणाऱ्याला तिथे उत्तर मिळते ते वाडवडिलांचेच. ग्रंथ घरात होता. तो मुनीर होता. फळीवर होता.

ज्यांना अरबी येत नाही त्यांच्यासाठी मराठीत अनुवाद व भाष्ये उपलब्ध आहेत. आपल्या अनेक मुलांचे शिक्षण मराठी माध्यमातून होते. ज्या भाषेत ती विचार करतात त्या भाषेत आयतीचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचला, तर अरबी पठणाचे महत्त्व कमी होत नाही. दररोज मगरिबनंतर पाच आयती, त्यांचा अर्थ आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाचा एक प्रश्न, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

नार आणि नूर एका धातूतले असल्याचे वर सांगितले. या नात्याचा सर्वांत भेदक उपयोग सूरह बकरहच्या आरंभी, दांभिकांच्या दृष्टांतात आला आहे (आयत 17). एका माणसाने आग पेटवली. भोवताल उजळला आणि तेवढ्यात अल्लाहने त्यांचा प्रकाश काढून घेतला. पेटवली ती ‘नार’, नेला तो ‘नूर’. भाष्यकारांनी हेरले की, आग नेल्याचे आयतीत म्हटलेले नाही. मागे उरले ते जळणे, धूर आणि चटके. दिसणे तेवढे गेले. ज्या धार्मिकतेतून उजेड निघून गेला आहे, तिची धग मात्र कायम असते, किंबहुना वाढलेली असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तशी व्यक्ती घरात आली की मुले गप्प होतात, सून पदर सावरते आणि आज कोणती चूक निघणार याची सगळे वाट पाहतात. तिची नमाज चुकत नाही. पण तिच्या नमाजेने कुणाला वाट दिसत नाही, केवळ पोळते.

अशाच जवळच्या आणखी दोन शब्दांकडे प्रेषितांनी स्वतः लक्ष वेधले आहे. अन्यायाला अरबीत ‘जुल्म’ म्हणतात आणि अंधाराला ‘जुल्मत’. जुल्म हा कयामतच्या दिवशी अनेकपदरी अंधार होऊन पुढे येईल, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

त्या दिवसाचे एक दृश्य सूरह हदीदमध्ये (आयत 12 व 13) रंगवले आहे. श्रद्धावंत स्त्रीपुरुषांचा प्रकाश त्यांच्यापुढे आणि उजव्या बाजूला धावत असेल. मागून अंधारात चाचपडणारे दांभिक त्यांना विनवतील की, जरा आमच्यासाठी थांबा, तुमच्या प्रकाशातून आम्हाला थोडे घेऊ द्या. इथे जे क्रियापद आले आहे ते ‘कबस’ या शब्दापासूनचे आहे. कबस म्हणजे दुसऱ्याच्या जाळातून आणलेला पेटता निखारा. हजरत मूसा (अलै.) यांनी तूरच्या बाजूला आग पाहिली, तेव्हा घरच्यांसाठी कबस आणतो म्हणून ते निघाले होते. आगपेटी दुर्मीळ होती त्या काळात आपल्या खेड्यांतही शेजारच्या चुलीतून विस्तव मागून आणण्याची पद्धत होती, आणि विस्तवाला कुणी नाही म्हणत नसे. त्या दिवशी मात्र विस्तव मिळणार नाही. मागे परत जा आणि तिथे प्रकाश शोधा, असे उत्तर येईल आणि मध्ये भिंत उभी राहील.

श्रद्धावंत कंजूष झाले म्हणून असे होणार नाही. मागे म्हणजे जिथून आलो तिथे, या जगात. उजेड देण्याघेण्याचा व्यवहार इथलाच आहे. मुनीर होण्याची मुदत कबरीच्या अलीकडे संपते. सूरह तहरीमची आठवी आयत सांगते की, तिथे खुद्द श्रद्धावंतही आपला प्रकाश पुरा व्हावा म्हणून आपल्या पालनकर्त्यापुढे हात पसरतील. अंधारातून चालत मस्जिदीकडे जाणाऱ्यांना त्या दिवशीच्या पूर्ण प्रकाशाची शुभवार्ता द्या, असे प्रेषितांनी सांगितल्याचे अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. फजरला उठून जाणाऱ्या वडिलांचे बोट धरून जे मूल चालते, त्याला ही गोष्ट चालता चालता समजते.

प्रकाश मागण्याची प्रेषितांची एक दुआ अनेकांना पाठ असेल. तीत हृदयात, दृष्टीत, श्रवणात, उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, पुढे आणि मागे प्रकाश मागितला आहे. ती आपल्यापर्यंत कशी पोहोचली हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. प्रेषितांची रात्रीची नमाज कशी असते ते पाहावे म्हणून ते एका रात्री आपल्या मावशीकडे, उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी मुक्कामाला राहिले. मावशी व प्रेषित उशीच्या लांबीवर आणि हा मुलगा तिच्या रुंदीवर, असे तिघे निजले. मध्यरात्रीच्या सुमारास प्रेषित उठले, चेहऱ्यावरून हात फिरवून झोप उडवली, आलि इमरानच्या शेवटच्या दहा आयती पठण केल्या, टांगलेल्या पखालीतले पाणी घेऊन वुजू केले आणि नमाजेला उभे राहिले. मुलगाही उठला, तसेच वुजू करून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. प्रेषितांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रेमाने कान धरून त्याला आपल्या उजवीकडे आणले आणि नमाज चालू ठेवली. त्याच रात्री त्याने ती दुआ ऐकली. पुढे हाच मुलगा ‘तर्जुमानुल कुरआन’, म्हणजे कुरआनचा अर्थ उलगडणारा, म्हणून ओळखला गेला.